समुद्रातल्या खुंटाचा दावा

वकील आणि वैदू यांच्याकडे माणूस शेवटी येतो. आधी देवाला कौल लावून होतो, मग गावकी बसते, मग मुंबईला गिरणीत असलेल्या मेव्हण्याला पत्र जातं. सगळ्यांनी हात टेकले की एक दिवस सकाळी माझ्या ओटीवर चपला वाजतात. तोवर साधी पुळी असते तिचं गळू झालेलं असतं. "आता तुम्हीच काय ते बघा," म्हणून पक्षकार मोकळा होतो आणि खांबाला टेकून निवांत विडी पेटवतो.

मी मूळचा चौलचा, सुपारीच्या वाडीत वाढलेला. मुरुडच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मुंबई सरकारचे कायदे आले होते, पण लोकांच्या अंगवळणी पडले नव्हते. माझं गावात सोयरंधायरं कुणी नाही, हे माझं मोठं भांडवल ठरलं. मी कुणाचाच नाही म्हटल्यावर सगळे माझ्याकडे येऊ लागले.

बाहेरच्यांना वाटतं, वकिली म्हणजे खुनाचे खटले. आमच्याकडे खून करायला कुणाला सवड नव्हती. यायचे ते बांधावरचे नारळ, सामाईक विहीर, दुकानाचा गाळा, कामावरून काढलेला गडी. कागद वाचणं, समोरच्याला नोटीस देणं, तारखा सांभाळणं आणि आपल्या पक्षकाराला कोर्टात गप्प बसवणं, एवढं ज्याला जमतं तो तालुक्याला वकील म्हणून खपतो. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. मला ते चांगलं जमायचं, हे सांगायला मी लाजत नाही.

जिंकायचोही पुष्कळ. बाजारपेठेतल्या एका गुजराती वाण्याला त्याचा गाळा भाडेकरू शिंप्याकडून सोडवून दिला, तो माझा पहिला नावाजलेला विजय. शिंप्याने गाळा सोडला आणि समोरच्याच ओटीवर मशीन मांडलं, ते वाण्याच्या गल्ल्याकडे तोंड करून. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो वाण्याची कुळकथा सांगायचा. चार महिन्यांनी वाणी माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, पहेला निदान त्याची पाठ दिसत होती. आता आखा दिवस तोंड बघावा लागते. मशीन फिरवायचा काय हुकूम मळशे?" असा हुकूम कुठल्याही कायद्यात नव्हता.

दुसरा खटला बेकरीतल्या उस्तादाचा. भट्टी सांभाळणारा हा म्हातारा कारागीर, मालकाने एका शब्दावरून त्याला काढून टाकलं. मी मालकाला कायदा दाखवला, कोर्टासमोर तडजोड झाली, उस्ताद सन्मानाने परत कामावर गेला. मालक वचनाला पक्का होता. उस्तादाला रोज हजर धरायचा, पण पिठाला हात लावू द्यायचा नाही. "कोर्टने कहा कामपे रखो, रखा है," म्हणायचा. बाकड्यावर बसून बसून उस्ताद कंटाळला आणि मुंबईला निघून गेला. त्यानंतर मुरुडचा पाव आतून कच्चा राहू लागला. जिंकलेल्या खटल्याचा तो पाव मी वर्षभर चहात बुडवून खाल्ला, आणि अजून त्याचं वाईट वाटतं.

चांगुणाबाई आली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात.

मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यातली ही बाई, वय तिशीच्या आतबाहेर. नवरा धर्मा शिमग्यानंतर तापाने गेला होता. पदरी दोन लहान मुली, एक होडी आणि होडीवर पगारी दोन खलाशी. ती ओटीवर न बसता अंगणातच उभी राहिली.

"वकीलदादा, माजी जागा दीर घेतोय."

"घराची?"

"घराची नाय. दर्यातली."

मी हातातली लेखणी खाली ठेवली. समुद्रातल्या जागेचा दावा मी तोवर ऐकला नव्हता.

हा प्रकार बाहेरच्या वाचकाला सांगितला पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर डोल नावाचं जाळं लावतात. भलं मोठं झोळीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं राहणारं. ते बांधायला समुद्राच्या तळात लाकडाचे खुंट ठोकलेले असतात. कुणाचे खुंट कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ती जागा बापाकडून मुलाकडे जाते, हुंड्यात देतात, गहाण पडते. सरकारदप्तरी तिचा पत्ता नाही, पण कोळीवाड्यात पोरासोराला ठाऊक. पावसाळ्याच्या उधाणात खुंट वरून मोडतात, बूड तेवढं चिखलात राहतं. नारळी पुनव झाली की ज्याने त्याने आपल्या जागी नवे खुंट ठोकायचे. आणि एक रिवाज पक्का. ज्या जागेवर हंगामभर खुंट पडला नाही, ती जागा मोकळी झाली. मग ज्याने ठोकला त्याची.

धर्माची जागा ओढीच्या ऐन तोंडावर, अख्ख्या रांगेत सरस. त्याचा धाकटा भाऊ पोशा याची जागा तिला लागूनच, दक्षिणेला, एका जाळ्याच्या अंतरावर. आषाढात पोशाने सांगून टाकलं की भावाच्या जागी यंदा मी खुंट ठोकणार, बाईमाणसाला दर्यात काय कळतं. हा एक हंगाम गेला की चांगुणाबाईची जागा कायमची गेली. मागोमाग खलाशी जाणार, होडी विकावी लागणार आणि तिला दुसऱ्यांची मासळी पाटीत घेऊन दारोदार फिरावं लागणार.

"कोळीवाड्यातले पाटील काय म्हणतात?"

"म्हंतात, घरातलं भांडाण घरात मिटवा. घरात पोशाच हाय."

मी दावा लावला. पोशाने त्या जागी खुंट ठोकू नये म्हणून मनाई हुकूम मागितला. मनाई हुकूम म्हणजे कोर्टाने दोरी आखून, हिच्या आत यायचं नाही, असं बजावणं. पोशाने अलिबागहून वकील आणला. गोरापान, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरण्याची सवय. त्याचा मुद्दा बिनतोड होता. समुद्र सरकारचा आहे, समुद्राच्या तळावर कुणाही खाजगी माणसाचा हक्क असू शकत नाही, सबब दावा काढून टाकावा.

कायद्याच्या पुस्तकाने तो जिंकला असता. मी उठलो आणि एवढंच म्हणालो की प्रतिवादीने तसं लिहून द्यावं. समुद्रातल्या कुठल्याच जागेवर कुणाचा हक्क नाही आणि प्रतिवादीचाही नाही, एवढ्या दोन ओळी खाली अंगठ्यासकट मिळाल्या तर आमची काही तक्रार नाही.

पोशा मागच्या बाकावरून उठलाच. "आसा कसा नाय? माजी जागा माज्या आज्यापासून हाय."

त्याच्या मागे कोळीवाड्यातले वीस-पंचवीस जण बसले होते. तेही उठले. सगळ्यांच्याच जागा जायची वेळ आली होती. "आमी काय सरकारच्या दर्यात डोल लावतो?" असं एकाने अलिबागच्या वकिलालाच विचारलं. जज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना खाली बसवलं. चष्मेवाल्याने तो मुद्दा पुन्हा काढला नाही. वकिलाचा सर्वांत मोठा शत्रू त्याचा पक्षकार असतो, हे त्या दिवशी त्याला कळलं असावं.

मग पोशाने दुसरी बाजू घेतली. मी भावाच्या जागी जातच नाही, माझ्याच जागी ठोकतो. तिची जागा कुठली ते तिने दाखवावं. आता पंचाईत झाली. एकही कोळी साक्षीला उभा राहीना, कारण पोशाशी वैर घेऊन त्याच पाण्यात जाळी लावायची होती. जज्जसाहेब देशावरचे, समुद्र त्यांनी नोकरीतच पाहिलेला, पण माणूस सरळ. त्यांनी ठरवलं की नारळी पुनवेनंतर समुद्र निवळला की होडीतून जाऊन स्वतः जागा बघायची. वादीने होडीत बसून जागा दाखवावी.

मी खुशीत चांगुणाबाईकडे वळलो. ती मान हलवत होती.

"मी होडीत पाय ठेवणार नाय."

आमच्याकडच्या कोळणी मासळी विकतात, हिशेब ठेवतात, नवऱ्याला दरडावतात, पण मासेमारीच्या होडीत चढत नाहीत. बाई चढली तर होडीला अपशकुन होतो अशी त्यांची समजूत. मी तिला परोपरीने सांगितलं. जागा जाईल म्हणालो, मुलींकडे बघा म्हणालो. आवाजही चढवला, कारण मला राग फार लवकर येतो आणि तेव्हा तर तो नाकावरच असायचा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माज्या पायानं होडी बुडली तर जागा घेऊन काय करू?"

पोशाला हे आधीच ठाऊक होतं. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तो माझ्याकडे बघून हसला.

नारळी पुनव झाली. पोशाने दुसऱ्याच दिवशी, आपलीच जागा म्हणत, भावाच्या जागी खुंट ठोकले. पाहणी चार दिवसांवर आली तेव्हा मी शेवटचं समजवायला कोळीवाड्यात गेलो. चांगुणाबाई घराच्या मागच्या बाजूला होती. हातात काथ्याचा कुंचा, बादलीत चुना, आणि समुद्राकडची भिंत ती पांढरी करत होती. बाकीच्या तीन भिंती मातीच्या रंगाच्याच.

माझं डोकं आधीच तापलेलं. "खटला बुडतोय आणि तुम्ही घर रंगवताय?"

"घर नाय. हीच भिंत. वर्साचं काम हाय."

"एकच भिंत का?"

ती माझ्याकडे, शहाण्या माणसाने असं काय विचारावं, अशा नजरेने बघू लागली. मग कुंचा भिंतीला टेकवून तिने समोर बोट केलं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यात एक काळा खडक डोकं वर काढून होता.

"होडीतून बगलं का ही भिंत त्या खडकाच्या बरोबर मागं येते. ती एक खूण. दुसरी तिकडं, देवळाची पायरी नि तिच्या म्होरचा वाकडा माड. दोन्ही जुळल्या का आमची जागा."

"पण हे धर्मा होडीतून बघायचा. तुम्हाला किनाऱ्यावरून काय उपयोग?"

"पानी हलतं, होडी हलते. दर्यात हुबं राहून कोन नीट बगंल? खुंट ठोकायच्या दिवशी मी या भिंतीला पाठ लावून हुबी राहते. सासू तिकडं देवळाच्या पायरीवर. होडी खडकाच्या वर आली का मी फडका वर करते. माडाच्या वर आली का ती करते. दोन्ही फडके वर, का खुंट टाकायचा."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. अंगाला चुना लागला, त्याचं भान नव्हतं. जिथून नाखव्याला किनारा दिसतो, तिथूनच किनाऱ्याला नाखवा दिसतो. होडीत चढायची गरजच नव्हती.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाय."

एक अडचण होतीच. दुसऱ्या खुणेला सासू हवी. भागूआय ही धर्माची आई तशी पोशाचीही आई. ती मागच्या दाराशी बसून सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं तेव्हा तिने जाळ्याची दोरी वळणं सोडलं नाही.

"मी कोरटात पोराच्या इरुद्द बोलणार नाय," ती म्हणाली.

बोलू नका, नुसत्या उभ्या राहा, असं मी म्हणणार होतो. पण चांगुणाबाईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. मी निघालो ते उत्तर न घेताच.

वादी किनाऱ्यावरून फडक्याने जागा दाखवील, अशी जज्जसाहेबांची परवानगी मी काढली आणि पाहणीसाठी मुद्दाम भरतीची वेळ मागून घेतली. भरतीला खुंटांची टोकं पाण्याखाली जातात, म्हणजे किनाऱ्यावरून किंवा होडीतून खुंट बघून जागा दाखवली असं कुणी म्हणायला नको. होडी आणि नाखवा दुसऱ्या गावचे. होडीत जज्जसाहेब, त्यांचा कारकून, आम्ही दोन वकील आणि पोशा. बंदर सुटताच जज्जसाहेबांचा चेहरा पिवळा पडला. अलिबागचे वकील खाकरायचे थांबले. माझीही गत फार वेगळी नव्हती, पण मी चौलचा असल्याने तसं दाखवणं बरं दिसलं नसतं.

भिंत लांबून लख्ख दिसत होती. होडी किनाऱ्याला समांतर चालली आणि खडकाच्या रेषेत येताच भिंतीपाशी पांढरा फडका वर झाला. नाखव्याने ती रेषा धरली आणि होडी खोल पाण्याकडे वळवली. आता दुसऱ्या खुणेची वाट बघायची होती. देवळाची पायरी मोकळी होती.

होडी हळूहळू बाहेर सरकत होती. पोशा देवळाकडे बघत होता. मीही बघत होतो. जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, अजून किती?" अजून थोडं गेलं की दावा बुडाल्यात जमा होता.

तेवढ्यात देवळाच्या आडून एक म्हातारी कमरेत वाकून पायरीवर आली. एका हाताने तिने खांब धरला. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग तिचा दुसरा हात वर गेला. हातात लाल लुगड्याचा पदर होता.

"थांबव," मी नाखव्याला म्हणालो. त्याचा गडी बुडी मारून तळ बघायला सरसावला.

पोशा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आईने मारल्यावर लहान मूल जसं हिरमुसतं तसा तो दिसत होता. "आये हुबी रायली," तो पुटपुटला. मग जज्जसाहेबांकडे न बघताच म्हणाला, "बुडी मारू नका. खुंट हितंच हाय. माजाच हाय."

जज्जसाहेबांना बोलायचं त्राण नव्हतं, पण ते कायद्याला धरून राहिले. "मारू दे बुडी," म्हणाले. नाखव्याचा गडी खाली गेला, दोनदा वर येऊन पुन्हा गेला. मग होडीची कड धरून म्हणाला, "नवा खुंट हाय. बाजूलाच जुन्याचं बूड हाय." कारकुनाने ते लिहून घेतलं आणि लगेच होडीबाहेर तोंड काढून तो ओकला.

हुकूम आमच्या बाजूने झाला. पोशाने खुंट काढावेत, वादीच्या जागेत पुन्हा येऊ नये. कोर्टाबाहेर मला चार जणांनी नमस्कार केला, त्यातले दोघे पोशाच्या बाजूने बसणारे होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेलो.

खुंट ठोकायच्या दिवशी चांगुणाबाईने मला बोलावलं. कोर्टातून परस्पर गेलो, त्यामुळे अंगावर काळा कोट होताच. भागूआय घरी नव्हती. पोशाची बायको बाळंतपणाला माहेरी, शेजारच्या गावी होती आणि दिवस भरले म्हणून भागूआय सकाळीच तिकडे गेली होती. देवळाच्या पायरीवर चांगुणाबाईने शेजारणीला उभं केलं होतं. फडके वर झाले, तिच्या खलाशांनी खुंट टाकले. जागा मिळाली, हंगाम वाचला. शेजारीण हात झटकून मासळीची पाटी उचलून बाजाराला गेली. मीही निघालो.

चांगुणाबाई मात्र हलली नाही. ती भिंतीच्या कडेकडेने उत्तरेला काही पावलं सरकली, म्हणजे खडकावरून नजर दक्षिणेच्या जागेवर पडते, पुन्हा पाठ टेकवून उभी राहिली आणि तिने फडका झाडून हातात घेतला. समोर पाण्यात दुसरी एक होडी घुटमळत होती. होडीत पोशा होता. त्याच्या बाजूने किनाऱ्यावर उभं राहायला कुणीच नव्हतं.

"त्याच्यासाठी उभ्या राहताय?" मला खरंच राग आला. "ज्याने तुमची जागा घेतली, ज्याच्यामुळे एवढं कोर्ट केलं, त्याच्यासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळा खडकावर लावून म्हणाली, "त्याला त्याची जागा कोनी नीट दावली नाय, तर फिरून माज्याच जागेत घुसंल. मंग मी फिरून तुमच्या दारात."

मला बाकड्यावर बसलेला उस्ताद आठवला आणि वाण्याकडे तोंड करून मशीन चालवणारा शिंपी. पोशाने कुठे जायचं नाही, ते मी कोर्टाकडून लिहून आणलं होतं. कुठे जायचं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वकीलदादा, नुसते हुबे काय? देवळाकडं जावा. दुसरी खूण कोन धरंल?"

"माझ्याकडे फडका नाही."

"कोट हाय ना. पायरी पांडरी हाय, दिसंल."

मी देवळाकडे गेलो. पायरीच्या कुठल्या टोकाला उभं राहायचं, ते तिने लांबून हात करून दाखवलं. वाकड्या माडाच्या शेंड्यावर नजर लावली. होडी हळूहळू शेंड्याकडे सरकत आली. भिंतीपाशी पांढरा फडका वर झाला. होडी शेंड्यावर आली तसा मी काळा कोट काढून डोक्यावर धरला, आणि पोशाने खुंट पाण्यात सोडला.

पुढे मी त्याच कोर्टात कितीतरी वर्षं वकिली केली. त्या दोन घरांपैकी कुणीही पुन्हा माझ्या ओटीवर आलं नाही.